न पिणाऱ्या माणसाचं यकृत

आबा, आज मी तुमच्याशी एकट्याशी बोलत नाही. तुमच्या मागं मला माणसं उभी दिसतात. ती मी ओळखते, कारण सातारा-सांगलीकडच्या माझ्या कुठल्याही सभेत पुढच्या रांगेत त्यांच्याच बायका आणि मुली बसलेल्या असतात. ज्यांनी आयुष्यात ओठाला थेंब लावला नाही आणि तरी ज्यांच्या तिरडीमागं लोक कुजबुजत चालले की पिऊन मेला, ती ही माणसं. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, पाय लटपटले, की गावाला पुढं पुरावा लागत नाही. निकाल तिथंच लागतो आणि शिक्षाही तिथंच होते. तुमचा खटला तर फेराचं एक गाणं संपायच्या आत संपला. न्यायाधीश आपल्याच घरातली होती, साक्षीला सगळं गाव होतं आणि दोर झोक्याचा होता. या सगळ्या माणसांच्या वतीनं मला तुमच्याशी बोलायचं आहे. मी गोड बोलणार नाही. तुम्हीच तुमच्या लेकीला तसं शिकवलं नाही.

आठवतं का, शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसाठी मी व्यसनमुक्तीवरचं भाषण पाठ केलं होतं. तुम्ही पलटणीतून हवालदार होऊन नुकतेच घरी आलेला. मला ओसरीच्या एका टोकाला उभं केलंत आणि स्वतः अंगणापलीकडं गोठ्याजवळ जाऊन बसलात. मी सुरुवात केली की तुम्ही हात वर करायचा, म्हणजे ऐकू येत नाही. म्हशी माझ्याकडं बघत होत्या. शेवटी मी रडायला लागले तेव्हा तुम्ही उठून आलात आणि माझ्या पोटावर दोन बोटं टेकवून म्हणालात, "गळ्यातनं न्हाई, हितनं वरड. आन पाठ केल्यालं बोलू नगं. ज्येचा खरा राग येतोय त्येच्यावर बोल." मी त्या स्पर्धेत हरले. पण पुढं ज्या ज्या सभागृहात मी ध्वनिक्षेपक बाजूला सारून बोलले, तिथं तुमची ती दोन बोटं माझ्या पोटावर होती. राग कशाचा, हे मात्र मला फार उशिरा कळलं. लोक मला विचारतात की बाई, तुम्ही इतक्या चिडून का बोलता. मी त्यांना कडूलिंबाचं झाड दाखवू शकत नाही म्हणून हसून सोडून देते.

पण आधी तुमच्यावरचा राग. तो सांगितल्याशिवाय पुढं गेले तर मी खोटी ठरेन. दर महिन्याला तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या एसटीनं साताऱ्याला फौजी कँटीनला जायचा. परत यायचा तेव्हा खांद्याला खाकी पिशवी असायची. तिच्यात साबण, खोबरेल तेल, माझ्यासाठी बिस्किटांचा मोठा पुडा आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या कोट्याच्या दारूच्या बाटल्या. पिशवी खाली ठेवताना काचेचा आवाज व्हायचा आणि आईचा चेहरा बदलायचा. तुम्ही पीत नव्हता. तुमच्यासारखे न पिणारे कितीतरी फौजी होते आणि तेही आपला कोटा उचलतच होते, कारण हक्काची गोष्ट सोडली तर माणूस मूर्ख ठरतो, असा आपल्याकडचा हिशेब. मग त्या बाटल्या जायच्या कुठं? एक ऊसतोडीच्या मुकादमाला, म्हणजे आपल्या फडात टोळी आधी उतरते. एक वायरमनला, म्हणजे मोटारीची लाइन लवकर जोडली जाते. आणि उरलेली तात्यांना, तुमच्या थोरल्या भावाला, कारण त्यांनी हात पुढं केला की तुम्हाला नाही म्हणता येत नव्हतं. आई बोलली की तुमचं एकच उत्तर असायचं, "मी पितो व्हय? मी नुसती आणतो." आबा, किती सोपं वाक्य आहे हे. आणणारा आणतो, देणारा देतो, घेणारा घेतो आणि शेवटी काठी बसते ती चुलीपुढं बसलेल्या बाईच्या पाठीत. ती बाई आपल्याच घरात होती. तात्यांची बायको, आमची थोरली आई. तुम्ही आणलेली बाटली रिकामी झाली की तिच्या अंगावर नवं काळंनिळं उमटायचं, आणि तुम्ही भिंतीपलीकडं ते ऐकत ताटावर बसलेला असायचा. तिचा तुमच्यावरचा राग खरा होता. हे मी आधी मान्य करते, म्हणजे पुढचं सांगायचा मला अधिकार राहील.

तुमचं व्यसन एकच होतं, गूळ. जेवणानंतर गुळाचा खडा, रानात जाताना खिशात खडा, चहात साखरेऐवजी गूळ, गुऱ्हाळ लागलं की काहिलीच्या कडेला बसून गरम गूळ भाकरीवर घेऊन खायचा. अंगानं सडसडीत. पट्ट्याला नवं भोक पाडायची वेळ कधी आली नाही. तुम्ही सांगायचा ती पलटणीतल्या डॉक्टरची गोष्ट मला पाठ आहे. दरवर्षीच्या तपासणीत त्यानं तुमच्या रक्ताचा कागद बघितला आणि म्हणाला, "हवालदार, तेरे खून में तो चरबी ही नहीं. सौ साल जिएगा." ही गोष्ट तुम्ही पाव्हण्यांना सांगायचा, सुतकात भेटायला आलेल्यांनाही सांगायचा. रक्तात चरबी नाही, हा तुमचा बिल्ला होता. त्या कौतुकातच तुमचा मृत्यू लिहिलेला होता, आबा. तो वाचता येणारं कुणी तिथं नव्हतं, आणि मला तो वाचायला शिकायला अर्धं आयुष्य गेलं.

मग ते वर्ष आलं. तुमचं पोट पुढं आलं, हात-पाय मात्र वाळत गेले. दुपारी जेवता जेवता तुम्ही झोपायचा. चहात मीठ टाकलंत आणि तो तसाच प्यालात. बैलांना आमच्या नावानं हाक मारायला लागलात. हात पुढं धरले की भिजलेला पक्षी पंख झाडतो तसे पंजे फडफडायचे. बोलणं जड झालं, शब्द एकमेकांवर पडायला लागले. खाकी पिशवी तर महिन्याच्या महिन्याला येतच होती. गावानं दोन्ही गोष्टी जोडल्या. मी गावाच्या जागी असते तर मीही जोडल्या असत्या.

आपल्या भागातली नागपंचमी बाहेरच्यांना समजत नाही. त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही, रानात लोखंड लावायचं नाही. भाजी हातानं मोडायची, पुरणाची दिंडं उकडायची. विळे-खुरपी आदल्या सांजेलाच अडगळीत जायची. मारुतीच्या देवळापुढच्या कडूलिंबाला झोके बांधलेले, त्याखाली बायकांचा फेर. मी साताऱ्याच्या वसतिगृहातून सणाला येत होते. गाडीतून उतरले तेव्हा झाडाखाली गाणं नव्हतं. मला वाटलं झोक्यावरून कुणी पडलं असेल. गर्दीत शिरले, आणि झाडाला तुम्ही बांधलेले.

काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. तुम्ही रानातून झोकांड्या खात आलात, सरळ फेरात शिरलात आणि थोरल्या आईच्या अंगावर कोसळलात. आदल्या दिवशीच तात्यांनी तिला जळणाच्या लाकडानं मारलं होतं. तिचा एक डोळा मिटलेला, कानाखाली गाल सुजून काळा पडलेला. त्या गालावर तुमचं डोकं आपटलं. तिनं किंकाळी फोडली, असं सांगतात. मग तिनं झोक्याचा दोर खाली ओढला. बाकीच्या बायकांनी तुम्हाला धरलं. कुणाकुणाचे नवरे त्याच पिशवीतली प्याले होते, कोण जाणे.

मी पोचले तेव्हा तिच्या हातात झोक्याची फळी आहे. दीर-भावजय म्हणून आयुष्यभर जी तुम्हाला भावजी आणि तुमी म्हणत आली, ती अरे-तुरे करते आहे. तुमच्या कपाळातून रक्त येऊन भुवईत साचलंय. बाकीच्यांच्या चपला तुमच्या तोंडावर, मानेवर बसताहेत, आणि प्रत्येक चपलेमागं एकेका घराचा हिशेब आहे. फळी तुमच्या पोटावर बसली तेव्हा जो आवाज झाला तो मी विसरू शकत नाही. पाण्यानं भरलेल्या मडक्यावर थाप मारावी तसा. तुम्ही ओरडला नाहीत. जड जिभेनं, शब्द जोडत जोडत म्हणालात, "वयनी, मी न्हाई वो प्यालो. वास घ्या."

आणि तिनं घेतला. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तिनं फळी खाली केली, वाकली, तुमच्या तोंडाजवळ सुजलेला चेहरा नेला आणि श्वास ओढला. सगळे थांबले होते. ती सरळ झाली आणि गर्दीकडं बघून म्हणाली, "येतोय की वास." आणि फळी पुन्हा वर गेली.

मी तिच्या मनगटाला चावले. दात रुतेपर्यंत, तोंडात खारट येईपर्यंत चावले. फळी पडली तशी मी गाठीकडं वळले, पण श्रावणाच्या झडीत भिजून दोर फुगला होता आणि गाठ दगड झाली होती. मी ओरडले की विळा आणा. आबा, एवढ्या गर्दीतून एक माणूस हलला नाही. माणूस मारायला चालतो, दोर कापायला चालत नाही, कारण आज नागपंचमी. आई घरी पळाली. अडगळीतून विळा काढून परत आली, आणि झाडापासून हातभर अंतरावर तिचा पाय थांबला. कुणीतरी म्हातारी मागून म्हणाली, "आज लोखंड लावू नगंस, बाई. पोराबाळांवर येईल." आईच्या हातात विळा होता आणि कडेवर माझा धाकटा भाऊ होता. तिनं तुमच्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं आणि ती तशीच उभी राहिली. मी तिला कधी दोष दिला नाही. मी दातांनी गाठ सोडवली. दोराच्या काथ्याचे धागे हिरड्यांत घुसले, ओठ फाटला, थोरल्या आईचं आणि माझं रक्त एकाच तोंडात होतं. गाठ सुटली तेव्हा तुम्ही माझ्या अंगावर पडलात, आणि तो वास मलाही आला. गोडसर, कुबट, बंद गोदामासारखा. मला वाटलं गुळाचा असेल.

त्याच आठवड्यात तुम्ही जीपमध्ये गेलात. मिरजेच्या दवाखान्याच्या वाटेवर आष्ट्याच्या पुढं तुम्हाला उलटी झाली आणि ती सगळी रक्त होती. तांबडी, गरम, थांबायचं नाव न घेणारी. माझी मांडी, आईचं लुगडं, गाडीची बैठक, सगळं भिजलं. तुम्ही माझा दंड धरला होता. तुमची पकड सैल झाली हे कळायलाही मला वेळ लागला, कारण रक्तानं हात तसाच चिकटून राहिला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरनं तुमचे डोळे आणि पोट बघितलं आणि आईला विचारलं, किती वर्षं घेत होते. आई म्हणाली, कधीच नाही. त्यानं लहान पोराच्या बोलण्यावर हलवावी तशी मान हलवली. ती मान माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. फळीपेक्षा ती जास्त लागली.

दहाव्याला नदीवर तात्यांनी काय केलं ते तुम्हाला ठाऊक नाही. पिंडाजवळ मेलेल्याच्या आवडीचं ठेवतात. तात्या खरंच रडत होते, आणि रडत रडत त्यांनी तुमच्याच कोट्यातली राहिलेली बाटली पिंडाशेजारी ठेवली. म्हणाले, माझ्या भावाला आवडायची. मी बाटली उचलली आणि घाटाच्या पायरीवर फोडली. कावळे उडून नदीपलीकडं गेले आणि मग बराच वेळ कुठलाच येईना. लोक म्हणायला लागले की पोरीनं बाप अडकवला. शेवटी आईनं पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढून ठेवला आणि कावळा शिवला. ही गोष्ट मी भाषणात सांगते तेव्हा लोक टाळ्या वाजवतात. खरं सांगायचं तर तोवर काचेचा आवाज विसरून कावळे परत यायला लागलेच होते. पण टाळ्या मी थांबवत नाही.

आता या वर्षाचं ऐकाच. तुम्ही न बघितलेला तुमचा नातू, धाकट्याचा मुलगा, शिरवळच्या एका कंपनीत लागलाय. तुमच्यासारखाच सडसडीत, तसाच गूळ खाणारा, सुपारीसुद्धा न खाणारा. कंपनीच्या तपासणीत त्याचं यकृत बिघडलेलं निघालं, सोनोग्राफीत त्याच्यात चरबी दिसली. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, घेतोस का? तो नाही म्हणाला. डॉक्टरनं मान हलवली. तीच मान, आबा. बातमी पोराच्या आधी गावात पोचली. तो नागपंचमीला घरी आला, मीही साताऱ्याहून आले होते. दिंडं अजून चुलीवर उकडत होती आणि धाकट्यानं खुंटीवरचा तुमचा पट्टा काढला. तुमचा पितळी बकलाचा पट्टा, जो त्यानं आठवण म्हणून जपून ठेवला होता. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा कानावर, बकलानं कानाची पाळी फाटली. धाकटा मारत होता आणि स्वतःच हुंदके देत होता. "माज्या बापाचं नाव पुन्यांदा घालवतोस व्हय रं?" तिसरा फटका मी हातावर घेतला. करंगळी मोडली. ती अजून वाकडी आहे, लिहिताना कागदाला टेकत नाही. मी धाकट्याच्या कानफटात मारली. इतक्या मोठ्या भावाच्या, त्याच्या बायको-मुलांसमोर. सगळ्या जिल्ह्याला शब्दांनी वळवणारी बाई मी, आणि घरात मी हातच उचलला.

तेव्हा आतल्या खोलीतून थोरली आई आली. तात्या जाऊन जमाना झाला, ते मात्र खरोखर पिऊनच गेले. ती आता धाकट्याकडंच असते. कमरेत वाकलेली, मोतीबिंदू झालेली. भिंतीला हात लावत ती पोरापर्यंत गेली आणि त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. मनगटावर माझ्या दातांची खूण अजून आहे, कातडीत पांढरी अर्धी बांगडी. ती वाकली आणि तिनं त्याच्या तोंडाचा वास घेतला. माझ्या अंगातलं सगळं रक्त त्या झाडाखाली गेलं. ती बराच वेळ हुंगत राहिली. मग म्हणाली, "पोरगं न्हाई प्यालं. पट्टा खाली ठेव."

धाकट्यानं ठेवला. ती मग माझ्याकडं वळली. तिला मी दिसत नव्हते, पण मी कुठं आहे ते तिला बरोबर कळलं. "तुज्या बाचा आला व्हता वास," ती म्हणाली. "मी वाकून घेतला व्हता. तू बगितलंस न्हवं?"

मी म्हणाले, "व्हय. बगितलं." ती मान हलवून भिंतीला धरत परत गेली. मला तेव्हा कळलं की इतकी वर्षं ही बाई त्या एका वासाला धरून उभी आहे, जशी भिंतीला धरून चालते तशी.

पोराला मी दुसऱ्या दिवशी मिरजेला नेलं. यावेळी समोर एक तरुण डॉक्टरीणबाई होती आणि तिनं मान हलवली नाही. तिनं त्याच्या रक्ताचा कागद हातात घेतला आणि बराच वेळ बघत बसली. मग विचारलं, घरात आणखी कुणाच्या रक्तात चरबी इतकी कमी होती का? आबा, मी खुर्चीतून उठलेच. मी तिला पलटणीतल्या डॉक्टरची गोष्ट सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, आपण कमी आकडा बघून अभिनंदन करतो आणि पुढं बघतच नाही.

तिनं सांगितलं ते मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगते. यकृत म्हणजे साखर कारखाना समजा. जेवलेल्या गुळा-भाकरीतून ते रात्रंदिवस चरबी तयार करतं, तुपाची, मांसाचीही चरबी त्याच्याकडंच येते. ही चरबी अंगाला हवी असते, पण ती रक्तात मिसळत नाही, पाण्यावर तेल राहावं तशी राहते. म्हणून यकृत तिची पोती भरतं. पोतं प्रथिनाचं असतं, एक लांबच लांब धागा विणत विणत त्यात चरबी भरली जाते. विणणारं प्रथिन वेगळं, भरणारं वेगळं, आणि शेवटी पोतं गच्च भरलंय का ते पाहणारं तिसरं. भरलेली पोती रक्तातून हृदयाकडं, स्नायूंकडं, सगळ्या अंगाला जातात. यातल्या एका कामगारात जन्मतःच खोट असली तर पोती अर्धी भरतात किंवा बाहेरच पडत नाहीत. रस्ते स्वच्छ दिसतात. रक्ताचा कागद देखणा येतो. आणि गोदाम आतून फुटायला येतं. साठलेल्या चरबीत यकृत सुजतं, सुजेचा वण होतो, वणाचं लाकूड होतं. त्या लाकडातून रक्त जाईना की ते मागं तुंबतं, अन्ननलिकेच्या शिरा फुगतात आणि एक दिवस फुटतात. यकृतानं जे विष गाळायचं ते न गाळता मेंदूत जातं, माणूस झोकांड्या खातो, जीभ जड होते, हात पंखासारखे फडफडतात. दारूचा एक थेंब नसताना.

मी तिला वासाचं विचारलं. ती म्हणाली, यकृत निकामी होत आलं की श्वासाला गोडसर कुबट वास येतो, हा वास माहीत नसलेल्याला तो दारूचा वाटू शकतो. एवढं तिनं साधेपणानं सांगितलं आणि पुढच्या कागदावर लिहायला लागली. मी मात्र त्या खोलीत नव्हते.

पोराची पुढची तपासणी बाहेरगावी गेली आणि दसऱ्याच्या आधी उत्तर आलं. पोती भरणाऱ्या त्या प्रथिनातच खोट आहे, आईबापाकडून येणारी. डॉक्टरीणबाईनं बजावलं की मेलेल्या माणसाचं आता छातीठोक सांगता येत नाही, आणि पोट सुटलेल्या प्रत्येकाच्या यकृतातली चरबी या जातीची नसते. पण तुमचा कमी आकडा, न पिणं आणि ती रक्ताची उलटी ऐकून तिनं तुमचं नाव आमच्या वंशावळीत काळ्या शाईनं रंगवलं, म्हणजे ही खोट असलेल्यांत धरलं. माझ्याही रक्ताचा आकडा तसाच कमी आला, माझंही रंगवलं. पोर अजून वेळेत आहे. त्याचा गूळ बंद, साखर बंद, ठरल्या वेळी यकृत तपासून घ्यायचं. धाकट्यानं त्याच्या फाटक्या कानाला स्वतः मलम लावलं, आणि तो पट्टा आता खुंटीवर नाही. कुठं आहे ते मी विचारलं नाही. आणि आबा, डॉक्टरीणबाईच्या तोंडावर मी गूळ सोडला आणि गाडीत बसताच पिशवीतला खडा तोंडात टाकला. तुमच्यावर गेले आहे, दुसरं काय.

तर आता माझ्या हातात ते हत्यार आहे ज्याची मी कॉलेजच्या दिवसांपासून वाट बघत होते. थोरल्या आईकडं जायचं आणि सांगायचं की वास खरा होता पण तो दारूचा नव्हता, तू मरत्या माणसाच्या पोटावर फळी मारलीस. एवढं बोललं की ती ज्या भिंतीला धरून चालते ती भिंत पडेल. भाषण तयार आहे. पोटातून येतं, पाठ केलेलं नाही. दसऱ्याला मी गावी गेले, सोनं द्यायला तिच्या पाया पडले. तिनं माझी वाकडी करंगळी चाचपली आणि विचारलं, दुखतीया का गं अजून? मी म्हणाले, न्हाई. आणि परत आले.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही. तिच्यापर्यंत पोचू शकलं असतं, मधे फक्त तिची ती भिंत आहे. मी कुठल्याही व्यासपीठावर कुणाला सोडत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तिला मी ते अजून सांगितलेलं नाही, आणि ती दया आहे की भीती, हे मला ठरवता येत नाही. एवढंच तुमच्यापाशी कबूल करायचं होतं.

पण तुमच्या मागं उभ्या असलेल्यांच्या घरात जे जिवंत आहेत त्यांना मी सोडणार नाही. ऐका. पिवळ्या डोळ्यांचा, फुगल्या पोटाचा माणूस रस्त्यात झोकांड्या खाताना दिसला तर त्याचा न्याय करू नका. त्याचा वास घेत बसू नका, नाक खोटं बोलतं. तो प्याला असेल तरी, नसेल तरी, त्याला धरा आणि मिळेल त्या गाडीत घालून त्याच दिवशी दवाखान्यात न्या. आणि कुणी त्याला आधीच झाडाला बांधलं असेल तर विळा आणा, दोर कापा. नागपंचमी असली तरी कापा.